रोड बाइकला रिम ब्रेक की डिस्क ब्रेक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोड बाइक घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून या वादात ओढलं जातं. एक जण म्हणतो डिस्कशिवाय सायकल घेऊच नका, दुसरा म्हणतो इतकी वर्षं लोक रिम ब्रेकवर घाट उतरत आले तेव्हा काय झालं होतं. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघेही बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर भांडत असतात. ब्रेकची ताकद हा फार छोटा भाग आहे. खरा फरक पडतो तो ओल्या रस्त्यावर, लांब उतारावर, टायरच्या रुंदीत आणि देखभाल कोण करणार यात.

दोन्हींमध्ये मूळ फरक काय?

रिम ब्रेकमध्ये कॅलिपरचे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चापाचे, दोन हात रबरी पॅड थेट चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबतात. डिस्क ब्रेकमध्ये हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, एक पातळ पोलादी चकती, म्हणजे रोटर, बसवलेला असतो आणि चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) किंवा मागच्या फ्रेमवर घट्ट बसवलेला कॅलिपर त्या रोटरला दोन्ही बाजूंनी पकडतो.

तत्त्व एकच: घर्षणाने वेगाची उष्णता करायची. गंमत अशी की रिम हीसुद्धा एक चकतीच आहे, आणि फार मोठी. पॅड जिथे टेकतात तिथला व्यास 60 सेंटिमीटरहून जास्त असतो. रोड बाइकचा रोटर असतो 140 किंवा 160 मिलिमीटरचा. त्यामुळे चाक तेवढ्याच जोराने रोखायला डिस्कच्या पॅडना साधारण चौपट ओढ निर्माण करावी लागते. हे काम हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाचा, दाब आणि जास्त कडक पॅड मिळून करतात. म्हणजे रिम ब्रेकची रचना मुळातच कमकुवत आहे, हा समज चुकीचा आहे.

मग डिस्कने सायकल कमी अंतरात थांबते का?

कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर, ॲल्युमिनियमची रिम आणि चांगली पॅड असतील तर फरक अगदी थोडा. सायकल शेवटी थांबवतो तो टायर. ब्रेक चाकाला रोखतो, पण रस्त्याला धरून ठेवण्याचं काम टायरचं आहे. शिवाय रोड बाइकवर आणखी एक मर्यादा टायरच्याही आधी येते: पुढचा ब्रेक जोरात लागला की वजन पुढे झुकतं आणि मागचं चाक उचलायला लागतं. त्या टोकापर्यंत चांगला रिम ब्रेकही पोहोचवतो आणि डिस्कही. त्यापुढे ताकद वाढवून काही मिळत नाही.

डिस्क जिंकते ती नियंत्रणात. हायड्रॉलिक डिस्कचा लिव्हर एका बोटाने दाबता येतो आणि किती दाबला की किती ब्रेक लागेल याचा अंदाज बरोबर येतो. तासन् तास सायकल चालवून हात शिणलेले असतात, तेव्हा हे फार जाणवतं. ज्यांचे पंजे लहान आहेत किंवा बोटांत जोर कमी आहे त्यांच्यासाठी तर, माझ्या मते, डिस्क घेण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. उतारावर लिव्हर पूर्ण ताकदीने आवळून धरावा लागणं म्हणजे धास्ती, आणि धास्तावलेला माणूस वळणावर चुका करतो.

पावसात किती फरक पडतो?

पुष्कळ. इथे मी रिम ब्रेकची बाजू घेऊच शकत नाही.

रिम जमिनीच्या जवळून फिरते, टायरवरून उडणारं पाणी आणि चिखल सतत तिच्यावर येत असतो. ब्रेक दाबला की पॅड आधी तो पाण्याचा थर पुसतात आणि मगच खरं घर्षण सुरू होतं. तोपर्यंत लिव्हर दाबलेला असूनही सायकल पुढे जात राहते. ताशी 40 किलोमीटर वेगाला सायकल एका सेकंदात 11 मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद उशीर झाला तरी साडेपाच मीटर गेले. आणि थर पुसला गेला की ब्रेक एकदम धरतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर चाक घसरण्याची भीती वेगळीच.

रोटर वर, हबजवळ असतो. त्याच्यावर पाणी कमी उडतं, त्याला भोकं असतात, आणि पॅडचा दाब इतका असतो की पाणी लगेच बाजूला सारलं जातं. ओल्यात डिस्क कोरड्याइतकीच वागते असं म्हणणार नाही, पण फरक कमी असतो आणि तो अंदाजात येतो.

कार्बन रिम आणि रिम ब्रेक ही जोडी पावसात सर्वांत वाईट. त्यासाठीची खास पॅड आणि ब्रेकच्या पट्टीला खडबडीतपणा दिलेल्या रिम यांनी बरीच सुधारणा झाली, तरी पावसाळ्यात नियमित सायकल चालवणाऱ्याने ती जोडी वापरू नये असंच मी सांगेन. ज्यांच्याकडे रिम ब्रेक आहे त्यांनी पावसात एक सवय लावून घ्यावी: वळण किंवा चौक येण्याच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यायची.

लांब घाट उतरताना कोणता ब्रेक सुरक्षित?

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतून पाहिलं तर जास्त पटतं. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन 500 मीटर उंचीवरून खाली आलं, तर सुमारे 3,92,000 ज्यूल ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. एक लिटर पाणी उकळीला आणायला यापेक्षा कमी ऊर्जा पुरते. वेगात उतरलं तर यातला मोठा भाग हवेचा रोध खातो. पण भीतीने किंवा गर्दीमुळे सावकाश उतरलं तर जवळजवळ सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. म्हणूनच ब्रेक तापण्याचा त्रास वेगवान स्वारांपेक्षा नवख्या, सतत ब्रेक धरून उतरणाऱ्यांना जास्त होतो.

रिम ब्रेकमध्ये ही उष्णता रिममध्ये शिरते आणि रिमच्या पोटात हवा भरलेली ट्यूब असते. ॲल्युमिनियम उष्णता पसरवतं आणि हवेला देऊन टाकतं, त्यामुळे त्यावर सहसा निभावतं. कार्बन उष्णता तितकी पसरवत नाही. ब्रेकच्या पट्टीत ती साठते आणि कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन एका मर्यादेपलीकडे मऊ पडतं. मग टायरमधल्या हवेच्या दाबाने रिमची कड बाहेर फुगू शकते, थर सुटू शकतात, किंवा ट्यूब फुटू शकते. लेटेक्सची ट्यूब उष्णतेला आणखी नाजूक असते, म्हणून कार्बन क्लिंचर रिम (ट्यूब आणि कडेत अडकणारा टायर घेणारी नेहमीची रिम) आणि रिम ब्रेक असताना ती वापरू नये असं अनेक उत्पादक बजावतात.

डिस्कमध्ये उष्णता टायरपासून लांब राहते. हा डिस्कचा सर्वांत भक्कम फायदा आहे. पण रोटर पातळ असतो आणि भराभर तापतो. फार तापला की पॅडची पकड कमी होते, पोलादावर निळसर छटा येते. तेलात पाणी मुरलेलं असेल तर त्याची वाफ होऊन लिव्हर मऊ पडू शकतो. म्हणून जड स्वारांनी आणि सामान लादून जाणाऱ्यांनी 140 ऐवजी 160 मिलिमीटरचा रोटर घ्यावा, निदान पुढे तरी.

ब्रेक कोणताही असो, पद्धत एकच: सतत हलका ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठाम लावून वेग हवा तितका खाली आणा, मग पूर्ण सोडा, आणि मधल्या वेळात ब्रेक थंड होऊ द्या. फार तापले असतील तर थांबा. रोटरला हात लावून पाहू नका, कातडी चिकटून भाजते.

रुंद टायरसाठी डिस्कच का लागते?

नेहमीचा छोट्या मापाचा रोड कॅलिपर टायरला वरून कवेत घेतो. त्याच्या हातांत जेवढी जागा तेवढाच टायर. जुन्या फ्रेमवर बऱ्याचदा 25 मिलिमीटर, नव्यांवर 28 पर्यंत मजल जाते. लांब हातांचे कॅलिपर असतात, पण ते बसण्यासाठी फ्रेम त्या मापाची लागते. डिस्कचा कॅलिपर टायरच्या वाटेतच नसतो, त्यामुळे 30, 32 किंवा त्याहून रुंद टायर सहज बसतो.

खराब रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याला ब्रेकपेक्षा हाच मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटला पाहिजे. रुंद टायर कमी दाबावर चालतो, हादरे गिळतो, वळणावर रस्ता जास्त चांगला धरतो. डिस्कवरच्या सायकली आरामदायी वाटतात त्याचं श्रेय पुष्कळदा टायरचं असतं.

डिस्कची सायकल किती जड असते?

त्याच दर्जाच्या दोन सायकली घेतल्या तर साधारण 300 ते 500 ग्रॅमचा फरक. रोटर, कॅलिपर, तेलाच्या नळ्या, शिवाय जास्त मजबूत चिमटा आणि हबकडून रिमकडे ओढ पोहोचवायला जास्त आरे. चढावर हा फरक असतो, पण भरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. शर्यत जिंकण्यासाठी चढत नसाल तर याची चिंता करू नका.

शर्यतीत डिस्क इतक्या उशिरा का आली?

चाक बदलायला लागणारा वेळ, वजन आणि घोळक्यात पडल्यावर तापलेल्या, धारदार रोटरने जखमा होतील ही भीती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयने रोड शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली ती 2015 मध्ये. 2016 च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रुबे शर्यतीत स्पेनच्या फ्रान व्हेंतोसोच्या पायाला खोल जखम झाली. ती डिस्कमुळे झाल्याचं त्याने जाहीर पत्रात लिहिलं आणि चाचणी थांबवली गेली. पुढे रोटरच्या कडा गोलाकार करण्याची अट घालून ती पुन्हा सुरू झाली. 2017 च्या जानेवारीत टॉम बोनेनने अर्जेंटिनातल्या शर्यतीत डिस्कवर टप्पा जिंकला, त्याच वर्षी जुलैत मार्सेल किटेलने टूर द फ्रान्समध्ये. 1 जुलै 2018 पासून डिस्कला रीतसर परवानगी मिळाली.

तरीही 2019 ची टूर एगन बर्नालने रिम ब्रेकच्या सायकलवर जिंकली. आल्प्सचे उतार त्या ब्रेकवर उतरून. रिम ब्रेक धोकादायक आहे असं कोणी सरसकट म्हणालं, तर मला हे आठवतं.

केबलवर चालणारी डिस्क घ्यावी का?

स्वस्त सायकलींवर ती असते. साध्या तारेने चालणारे हे कॅलिपर अनेकदा एकाच बाजूचं पॅड हलवतात. ते रोटरला किंचित वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतं. पॅड झिजली की हाताने जवळ आणावी लागतात, तर हायड्रॉलिकमध्ये पिस्टन (पॅडला मागून ढकलणारे छोटे दट्टे) झीज आपोआप भरून काढतात. तारेच्या आवरणात दाब वाया जातो म्हणून न दबणारं आवरण वापरलं तर बराच फरक पडतो.

माझं मत स्पष्ट आहे: हलक्या दर्जाच्या केबल डिस्कपेक्षा चांगला दुहेरी पिव्हटचा (दोन्ही हात वेगवेगळ्या खिळीवर फिरणारा) रिम ब्रेक कोरड्यात जास्त विश्वासाचा वाटतो. "डिस्क आहे" एवढ्यावर सायकल निवडू नका. दोन्ही पिस्टन हलणारे केबल कॅलिपर मात्र चांगले असतात, आणि दूरच्या प्रवासात तार कुठेही बदलता येते हा त्यांचा मोठा गुण.

देखभाल कोणाची सोपी?

रिम ब्रेकची, यात शंका नाही. सगळं डोळ्यांना दिसतं. तार, आवरण, दोन पॅड आणि एक ॲलन की. पॅडमध्ये रुतलेले खडे आणि धातूचे कण टोकदार वस्तूने काढत राहा, रिम पुसत राहा, तार दरवर्षी बदला. आवाज येत असेल तर पॅडचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं किंचित तिरकं बसवा.

पण रिम ब्रेकची एक किंमत लोक विसरतात: प्रत्येक ब्रेक रिमला झिजवतो. पावसात वाळू आणि चिखल पॅडमध्ये अडकून रिम खरवडतात, आणि खाली जो काळा चिखल दिसतो त्यात रिमचंच ॲल्युमिनियम असतं. बहुतेक रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा बारीक भोक असतं. ते दिसेनासं झालं, किंवा ब्रेकच्या पट्टीवर बोट फिरवल्यावर ती आत खोलगट लागली, तर ती रिम वापरू नका. झिजलेली भिंत टायरच्या दाबाने एक दिवस फाटते, आणि ते सहसा वेगात किंवा ब्रेक लावतानाच होतं. डिस्कमध्ये झिजतो तो रोटर, चाक तसंच राहतं. महागडी चाकं वापरणाऱ्यासाठी हा फरक खूप मोठा आहे.

डिस्कला रोज लक्ष द्यावं लागत नाही, पण जेव्हा लागतं तेव्हा नीट द्यावं लागतं. शिमानो कंपनीचा रोटर नवा असताना 1.8 मिलिमीटर जाड असतो, 1.5 ला आला की बदलायचा. पॅडवरचा घर्षणाचा थर 0.5 मिलिमीटर उरला की पॅड बदलायची. कॅलिपरच्या आत डोकावायचा लोकांना कंटाळा येतो, आणि मग पोलादी पट्टी रोटरवर घासल्याचा आवाज येतो तेव्हाच कळतं. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन बघा.

मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड एकमेकांच्या जागी चालतात का?

नाही. कधीच नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये भरायचे हे दोन वेगळे द्रव आहेत. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्राम कंपनीच्या रोड ब्रेकमध्ये डॉट. चुकीचं तेल घातलं तर आतली रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट हवेतली ओल शोषतं म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं, शिवाय ते रंग आणि त्वचा दोन्हींना घातक आहे. लिव्हर मऊ लागू लागला की आत हवा शिरली असं समजा आणि ती काढून घ्या. हे काम शिकता येतं, पण पहिल्यांदा जाणत्या माणसाला करताना पाहा.

नवी डिस्क नीट पकडत नाही. सदोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. नवी पॅड आणि नवा रोटर एकमेकांत मुरावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या, ठाम ब्रेक लावून जवळजवळ थांबेपर्यंत वेग कमी करा, पण चाक अडकू देऊ नका. असं साधारण वीस वेळा दोन्ही ब्रेकवर करा. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसतो आणि पकड येते. हे न करता थेट घाटात गेलात तर पॅड वरून काचेसारखी गुळगुळीत होऊ शकतात.

डिस्क किंचाळते किंवा सतत घासते. काय करावं?

किंचाळण्यामागे बहुधा तेल असतं. साखळीवर मारलेला स्प्रे, हाताचा तेलकटपणा, रस्त्यावरचा डिझेलचा डाग. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कपड्यावर घेऊन त्याने रोटर पुसा. पॅडने तेल शोषलं असेल तर ती घासून किंवा भाजून वाचवण्याच्या नादी लागू नका, बदला. ब्रेकच्या बाबतीत पॅडची बचत ही चुकीच्या जागी केलेली बचत आहे. फक्त पावसात आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा ओल गेली की जातो.

घासण्यावर आधी सोपा उपाय करून बघा. चाकाचा ॲक्सल नीट घट्ट आहे ना पाहा. मग कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि दाबलेलाच ठेवून बोल्ट आळीपाळीने घट्ट करा. फिरताना एकाच जागी टिक टिक होत असेल तर रोटर वाकलेला आहे. तो हलक्या हाताने सरळ करता येतो.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला गेला. आता रोटर आत जात नाही.

घाबरू नका. मध्ये रोटर नसल्याने पिस्टन बाहेर आले आहेत. जुनी पॅड तशीच ठेवून, प्लॅस्टिकचा टायर लिव्हर किंवा रुंद सपाट वस्तू मध्ये घालून दोन्ही बाजू हळूहळू मागे ढकला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक उघड्या पिस्टनवर लावू नका, त्याला तडा जाऊ शकतो.

माझ्या रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क बसवता येईल का?

व्यवहारात नाही. डिस्कची सगळी ओढ चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला बसते. रिम ब्रेकचा चिमटा त्यासाठी बनवलेलाच नसतो. शिवाय हब वेगळे, मागची रुंदी वेगळी: जुन्या रोड फ्रेमला 130 मिलिमीटर, डिस्कच्या आजच्या फ्रेमला 142 आणि 12 मिलिमीटरचा आरपार ॲक्सल (फ्रेमच्या भोकांतून आरपार जाणारा चाकाचा दांडा). हा ॲक्सलही उगाच आलेला नाही. डिस्कचा ब्रेक लागला की पुढचं चाक खाचेतून खाली निसटण्याच्या दिशेने ढकललं जातं, त्यामुळे क्विक रिलीज (खाचेत बसणारं चाक घट्ट करणारी जुन्या पद्धतीची खिटी) सैल राहिली तर धोका. आरपार ॲक्सल तो धोका संपवतो.

आहे तो रिम ब्रेक जास्त चांगला कसा करू?

पॅड बदला. स्वस्त सायकलीबरोबर आलेली कडक पॅड काढून चांगली मऊ पॅड बसवली तर अनेकांना ब्रेकच नवा घेतल्यासारखा वाटतो. त्याबरोबर तार आणि आवरण नवं घाला, आवरणाचं टोक सपाट कापलेलं असू द्या. ॲल्युमिनियमवर वापरलेली पॅड कार्बन रिमवर कधीही लावू नका, त्यात रुतलेले धातूचे कण कार्बन खरवडतात. चाक आऊट असेल, म्हणजे फिरताना डावीउजवीकडे डुलत असेल, तर ते सरळ करून घ्या, म्हणजे पॅड रिमच्या जवळ बसवता येतील.

रिम ब्रेकचे भाग मिळायचे बंद होतील का?

पॅड, तारा आणि साधे कॅलिपर पुढेही बराच काळ मिळत राहतील, कारण जगभर अशा सायकली अफाट संख्येने रस्त्यावर आहेत. वरच्या दर्जाचा माल मात्र आटत चालला आहे. शिमानोची 105 ही गियर-ब्रेकच्या भागांची मालिका बारा गियरची झाली तेव्हा ती फक्त डिस्कसाठी आली. चांगल्या कार्बन चाकांचंही तेच होत आहे. वरच्या दर्जाची रिम ब्रेकची चाकं हवी असतील तर मिळताहेत तोवर घेऊन ठेवा.

मग नवी सायकल घेताना कोणती घेऊ?

पावसात चालवणार असाल, घाट उतरणार असाल, 30 मिलिमीटर किंवा रुंद टायर हवा असेल किंवा हातात जोर कमी असेल, तर हायड्रॉलिक डिस्क घ्या, विचार करत बसू नका. कोरड्या हवेत, बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर चालवणारे, स्वतः पाना धरणारे आणि हाताशी चांगली रिम ब्रेकची सायकल असलेले जे आहेत, त्यांनी ती विकून डिस्क घेण्याची काहीच गरज नाही. तेवढेच पैसे चांगल्या टायरवर आणि पॅडवर लावले तर सायकल जास्त सुरक्षित होईल.

डिस्कची सायकल बॉक्समध्ये घालून प्रवासाला नेताना काय सांभाळायचं?

रोटर सहज वाकतो, म्हणून तो चाकावरून काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. कॅलिपरमध्ये पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा अडकवा, नाहीतर बॉक्समध्ये लिव्हर दाबला जाऊन पिस्टन बाहेर येतील. मुक्कामाला पोहोचल्यावर रोटर बसवायच्या आधी हात धुवा, आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी उभ्या सायकलवर दोन्ही लिव्हर काही वेळा दाबून बघा. पहिल्या दाबाला लिव्हर हँडलपर्यंत गेला आणि पुढच्या काही दाबांत कडक झाला तर पिस्टन जागेवर आले असं समजा. कडक झालाच नाही तर आत हवा आहे, आणि ती काढल्याशिवाय निघू नका.